महोगनीवाली द्वारका

द्वारका इंगळे वारली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत तिच्या मरणाची वाट बघत बसायला नको. म्हातारी झाली होती, छातीत कफ झाला, गेली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मी चौथीपर्यंत शिकले, मला लिहायची सवयही नाही. पण गल्लीत आता तिच्याबद्दल जे बोलतात ते ऐकून राग येतो. म्हणतात, म्हातारपणी तिचं डोकं फिरलं, एका कपाटापायी पोराच्या घरात तमाशा केला. डोकं अजिबात फिरलं नव्हतं. मी तिथे होते.

इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत आम्ही समोरासमोर राहायचो. तिच्या तळमजल्याच्या दोन खोल्या, भाड्याच्या. मागच्या खोलीत ती राहायची आणि पुढच्या खोलीत जुन्या फर्निचरला पॉलिश करायची. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. हे काम ती वडिलांकडून शिकली. वडील महूच्या छावणीत, साहेबांच्या मेसमध्ये, टेबलं आणि कपाटं घासायचे. बाईमाणूस पॉलिशचं काम करतं म्हटल्यावर लोक बघायला यायचे. ती त्यांना म्हणायची, "बघायचं तर बाहेरून बघा, उजेड अडवू नका."

दुपारी तिच्या दारातून स्पिरिटचा वास यायचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, त्याचं पॉलिश होतं. गल्लीत नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, ही बाई पिते. मी एकदा म्हटलं, "अगं, सांग ना त्यांना." तर म्हणाली, "कशाला? पिते म्हटल्यावर साखर मागायला तरी येत नाहीत."

बोटं कायम तांबूस तपकिरी, नखांत लाख अडकलेली. लग्नाकार्यात बायका मेंदी लावायला बसल्या की ही हात पुढे करायची. "माझी झाली. तुमची आठ दिवसांत उतरेल, माझी उतरत नाही."

साग, शिसव, काहीही आलं तरी ती काम करायची. पण जीव होता तो महोगनीवर. महूला जुन्या बंगल्यांतून कोणी साहेब घर रिकामं करायला लागले की सामान विकायला काढायचे. ही बसने जायची आणि मला बरोबर न्यायची. माझं काम टॉर्च धरायचं. मलाच का, तर म्हणे, "तू भाव चालू असताना बोलत नाहीस."

बाकीची गिऱ्हाइकं कपाटासमोर उभी राहायची, दार उघडून बघायची, काचेवर टिचकी मारायची. द्वारका सरळ मागे जायची आणि जमिनीवर बसायची. "समोरून काय बघायचं? समोरून सगळेच पावडर लावून बसतात." मग खालचा खण बाहेर ओढून उलटा करायचा. त्याच्या पोटावर नखाने ओरखडा काढायचा. रंग लावलेलं लाकूड असेल तर आतून पिवळं निघतं, महोगनी असेल तर आतही लालसर. मग वास घ्यायचा. मग मला म्हणायची, "टॉर्च इकडे," आणि स्क्रू बघायची. जुन्या स्क्रूची खाच हाताने पाडलेली असते, ती मधोमध येत नाही. सगळ्या खाचा मधोमध असल्या की ती उठून पदर झटकायची. म्हणजे चला, बस पकडू.

ज्या कपाटावरून पुढे सगळं झालं, ते असंच एका बंगल्यात मिळालं. वर काचेची दारं, खाली चार खण, कोपऱ्यांना पितळ. उंची माझ्या डोक्याच्या हातभर वर. भोपाळकडचा एक व्यापारीही आला होता, पांढरे बूट घातलेला. द्वारका खणात नाक घालून बसलेली बघून तो हसला.

"अम्मा, सूंघ के लकड़ी खरीदोगी?"

"हां भिया," ही आतूनच म्हणाली. "तुमने आंख खोल के जो टेबल उठाई है ना, वो सागवान है. रंग लगा है."

तो टेबलाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून चावी काढली, टेबलाच्या खाली वाकून खरवडलं, आणि बाहेर जाऊन सिगरेट पेटवली.

घरमालकीण म्हणाली, "ये अलमारी किसी बड़े लाट साहब की थी."

"लाट साहब की हो या उनके बाबू की, लकड़ी अच्छी है," द्वारका म्हणाली. गोष्टींचे तिला पैसे द्यायचे नसायचे. आणि विकतानाही ती गोष्टी लावायची नाही. दुसऱ्या एका कपाटासाठी एक गिऱ्हाईक तिच्या मागे लागलं होतं, की तुम्ही फक्त राजवाड्यातून आलंय एवढं कागदावर लिहून द्या, हॉटेलात ठेवायचंय. तिने लिहून दिलं. कागदावर लिहिलं, "हे कपाट चांगलं आहे." खाली सही.

त्या दिवशी बंगल्यात तिने कपाटाच्या पाठीमागे हात घातला, वर चाचपडलं आणि हसली. मोजकं हसणारी बाई. मग मला जवळ बोलावून दाखवलं. मागून लाकडाच्या दोन पाचरी ठोकलेल्या होत्या. त्या काढल्या की वरचा भाग खुंट्यांवरून उचलला जायचा. माथ्यावरची नक्षीची पट्टी वेगळी निघायची. तीन तुकडे.

"फौजेचं आहे हे," ती म्हणाली. "छावणी हलली की हेही हलायचं. बैलगाडीवर, उंटावर. म्हणून तर कड्या लाकडाच्या आत बसवल्यात. बाहेर आल्या असत्या तर अडकल्या असत्या."

तसंच ते तीन तुकड्यांत आमच्या गल्लीत आलं आणि तिच्या अरुंद दारातून आत गेलं. तेव्हा तिचा मुलगा सुनील बाहेरगावी नोकरीला होता. मी आणि ती, आम्ही दोघींनीच ते जोडलं. तिने महिनाभर त्याला पॉलिश केलं. कापसाची पोटली सुती कापडात बांधायची, लाखेत बुडवायची, हलक्या हाताने गोल गोल फिरवायची, वाळू द्यायचं, परत फिरवायची. जोड कुठे आहे ते मलाही दिसेना. काम संपल्यावर ती खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "हे विकायचं नाही." असं ती त्याआधी कशालाच म्हणाली नव्हती.

त्या कपाटाची तिने ठेवलेली बडदास्त बघण्यासारखी होती. भिंतीला चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची, भिंतीची ओल लाकडात जाते. ऊन लागू द्यायचं नाही. पायांखाली दगडी फरशीचे तुकडे, वाळवी चढली तर दिसावी म्हणून. पुसायचं ते जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्याने. वर्षातून एकदा मधमाशीचं मेण, तेही बोटावर घेऊन.

मी एकदा शहाणपणा केला. दिवाळी होती, ती बाजारात गेली होती, मी तिच्या कपाटाला चांगलं खोबरेल तेल चोळलं. काय चमकलं! ती आली ती दारातच थांबली.

"हे काय केलंस?"

"चमकवलं."

"चंपी केलीस तू त्याची." पिशवी खाली ठेवली. "आता इंदूरची सगळी धूळ येऊन बसेल त्याच्यावर. घे फडकं."

टर्पेंटाइनने तेल काढायला तीन दिवस लागले. तिन्ही दिवस मलाच बसवलं. दिवाळीचे अनारसे तिनेच माझ्या घरी येऊन केले आणि जाळले.

पावसाळ्यात ती पॉलिशला हात लावायची नाही. हवेत ओल असली की लाखेवर पांढरी साय धरते. पण लोकांना गणपतीच्या आत सगळं चकाचक हवं असतं. दरवर्षी श्रावणात तिच्या दाराशी भांडण. "द्वारकाजी, गणपती बसायचेत, प्लीज." ही म्हणायची, "बसू द्या. त्यांनी तक्रार केली तर मला सांगा." गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायचं, पॉलिश पांढरं पडायचं, दिवाळीत परत यायचं. ती काही बोलायची नाही. नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची. बोललेलं परवडलं असतं.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. एका जुन्या मराठी घरी तिला कपाट बघायला बोलावलं होतं. मी बरोबर होते. घरची बाई माझ्याच जातीची, नात्यातही लांबून लागणारी. आधी गोड बोलली. मग नाव विचारलं, आडनाव विचारलं, माहेर महूचं ऐकलं, आणि तिचं बोलणं बदललं. म्हणाली, कपाट देवघराला लागून आहे, तुम्ही असं करा, आम्ही ते मागच्या अंगणात काढून देतो, तिथेच करा काम. एप्रिल महिना होता.

द्वारका म्हणाली, "महोगनी उन्हात ठेवली तर फाटते."

"वर ताडपत्री बांधू."

"बाई, कपाट आत राहील आणि मी आत येईन. नाहीतर कपाट आहे तसं राहील."

"तसं काही मनात नाही हो आमच्या, पण घरात सासूबाई आहेत ना..."

"माझ्या बापाने पॉलिश केलेल्या टेबलावर साहेब लोक तीस वर्षं जेवले. कोणाच्या पोटात दुखलं नाही. तुमच्या सासूबाईंना विचारून ठेवा."

आणि निघाली. पायऱ्यांवरून उतरताना वळून तिने एवढंच सांगितलं, "डाव्या पायाला वाळवी लागलीय. बघा." मला लाज वाटली का? वाटली. मी तिथे काही बोलले का? नाही. बसस्टॉपवर मी म्हटलं, "चुकलं माझं, बोलायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, हवं होतं." मग आम्ही कचोरी खाल्ली. माझं मन राखायला तिने खोटं सांगितलं नाही, हे मला पुढे आवडलं. त्या दिवशी नव्हतं आवडलं.

सुनील पुढे इंदूरला परत आला. पीथमपूरला चांगली नोकरी लागली, महूच्या वाटेवर राऊला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मुलगा वाईट नाही, हेही लिहून ठेवते. आईला एकटी ठेवायची त्याला भीती वाटायची. खोलीत स्पिरिटचे डबे, वय पंचाहत्तर, रात्री काही झालं तर कोण? दर रविवारी येऊन तेच.

"आई, आता बस झालं यार. तिथे लिफ्ट आहे, बाल्कनी आहे."

"स्पिरिट चालेल?"

"सोसायटीत कसं चालेल? आग-बिग लागली तर?"

"मग मी तिथे काय करू?"

"आराम कर ना."

"आराम म्हणजे काय ते तू एकदा मला करून दाखव. बघते जमतंय का."

आणि मग विषय कपाटावर यायचा. सुनील दाराची रुंदी बघायचा, कपाट बघायचा, आणि डोकं खाजवायचा. "हे आत आणलं तरी कसं? हे निघणारच नाही इथून." द्वारका चहा गाळत राहायची. कपाट सोडून ती येणार नाही आणि कपाट निघणार नाही, असं दोन वर्षं चाललं.

तो गेल्यावर मी एकदा म्हटलं, "सांगितलं का नाहीस, ते सुटं होतं म्हणून?"

"त्याने विचारलं का?"

"तू तर कधी खोटं बोलत नाहीस."

"निघणार नाही असं तो बोलतो. मी कुठे बोलते?" आणि बशीत चहा ओतला.

सून मनीषा. शिकलेली, कामाला जाणारी, द्वारकाला आई म्हणायची. तिने एक दिवस मोबाईल दाखवला. कुणाच्या घरी असंच जुनं कपाट, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, वर टीव्ही. "आई, आपल्याचं वरचं कापून टाकलं ना, तर खालचं हॉलमध्ये टीव्हीखाली किती छान दिसेल. व्हाइट एकदम क्लासी." द्वारकाने मोबाईल हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"छान आहे," म्हणाली. "मेलेलं माणूसही असंच दिसतं. कापूस घातलेलं."

मनीषाने मोबाईल घेतला आणि बाहेर गेली. मला हसू आलं. द्वारकाला नाही आलं. ती कपाटाकडे बघत होती. तिथे गेल्यावर त्याचं काय होणार, आणि आपलं काय होणार, हे तिला त्या फोटोत दिसलं असावं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

मग घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्याला वर मजला चढवायचा होता. भाडेचिठ्ठी सुनीलच्या नावावर होती, त्याने सही करून दिली. आईला विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो गोपाल मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीच्या हातात विजेची करवत.

"अम्माजी, टेन्शन मत लो," मिस्त्री म्हणाला. "बीच से काट देंगे, वहां जाके पीछे लोहे की पट्टी ठोक देंगे. पता भी नहीं चलेगा."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि कपाटावर आडवी रेघ मारली. जोडाच्या दोन बोटं खाली. पंचवीस वर्षं लाकडाचं काम करणारा माणूस, त्याला जोड दिसला नाही. त्याने मागे जाऊन बघितलंच नव्हतं.

द्वारका पलंगावर बसली होती. मी तिच्याकडे बघत होते. गप्प राहिली तर करवत चालणार. बोलली तर दोन वर्षं धरून ठेवलेलं निमित्त हातातून जाणार, आणि उद्याच्या उद्या राऊ. सुनील म्हणाला, "आई, दुसरा उपाय असेल तर सांग. नाहीतर इथेच राहू दे, मालक तोडेल आणि जाळेल."

मिस्त्रीने प्लग लावला.

"बंद कर ते," द्वारका म्हणाली.

ती उठली, कपाटाच्या मागे हात घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हातोडी." मी दिली. खालून दोन ठोके, एक पाचर निघाली. दोन ठोके, दुसरी. "सुनील, वरून धर. सरळ उचल, तिरपं नको." वरचा भाग उचलला गेला. आतल्या लाकडाच्या खुंट्या दिसल्या, शंभर वर्षांच्या, अजून तेलकट. मिस्त्री पुढे आला, वाकला, खुंटीवरून बोट फिरवलं आणि करवतीचा प्लग काढला. "माफ करना अम्माजी," म्हणाला. एवढी समज त्याला होती.

सुनील कपाट धरून उभा होता, चेहरा लाल. "आई, दोन वर्षं! तुला माहीत होतं?"

"मीच आणलंय ते. मला माहीत नसेल?"

"मग बोलायचं ना!"

"तू सही केलीस तेव्हा बोललास का?"

सुनीलने वरचा भाग हळूच जमिनीवर टेकवला. तिने ओल्या... नाही, कोरड्या फडक्यावर स्पिरिटचा एक थेंब घेऊन ती पेन्सिलची रेघ पुसली. त्या जागी पॉलिश जरासं उडालं. तिथे तिने परत लाख फिरवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे."

पुढच्या पंधरा दिवसांत ती दोनदा महूला जाऊन आली, मला न घेता. मी विचारलं, सेल आहे का, तर म्हणाली, "बघते." सुनील खूश होता. मनीषाने आईसाठी नवीन गादी घेतली. मला वाटलं, हरली बिचारी. चाळीस वर्षं ओळखत होते, तरी वाटलं.

निघायच्या दिवशी दोन गाड्या होत्या. सुनीलची कार, आणि कपाटासाठी लोडिंग टेम्पो. टेम्पो द्वारकानेच ठरवला होता, ओळखीचा ड्रायव्हर म्हणून. कपाटाचे तीन तुकडे गोधड्यांत गुंडाळून चढवले, मग स्पिरिटचे डबे, लाखेची पोती, तिची ट्रंक, स्टोव्ह. सुनील म्हणाला, "आई, ते डबे कशाला?" ती म्हणाली, "चढलेत आता." मग तीही टेम्पोच्या मागच्या बाजूला चढली आणि खालच्या खणांच्या भागावर गोधडी टाकून बसली, तोंड मागे करून.

"आई, कारमध्ये एसी आहे!"

"ह्याला धरायला कोणी पाहिजे."

मला कारमध्ये मागे बसवलं, पुढे सुनील आणि मनीषा. नवीन घर बघायला म्हणून मी चालले होते. कार पुढे, टेम्पो मागे. राऊ आलं. सुनीलने इंडिकेटर दिला, गाडी सोसायटीच्या रस्त्याला वळवली आणि कमानीशी थांबवली. मी मागच्या काचेतून बघत होते. टेम्पो वळला नाही. तो महूच्या रस्त्याला सरळ निघाला.

"अरे! हा कुठे चाललाय?" सुनीलने हॉर्न वाजवला, मग फोन लावला, स्पीकरवर. "आई, ड्रायव्हर रस्ता चुकला, त्याला सांग."

"चुकला नाही," द्वारकाचा आवाज आला, मागे टेम्पोचा खडखडाट. "महूला खोली घेतलीय मी. तळमजला आहे. मालकीण म्हणते, स्पिरिट चालेल. रविवारी ये जेवायला. मनीषालाही आण."

"आई, हे काय आता? तुझ्या वयाला..."

"मटण करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सुनील स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. मनीषा म्हणाली, "त्यांच्या मागे जाऊ या का?" मी दार उघडून खाली उतरले, मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. पुढे ब्रेकरपाशी गाड्यांची रांग होती, टेम्पो तिथे अडकला होता, म्हणून मला ती नीट दिसली. एक हात कपाटावर, एक दोरीवर, पाठ ताठ. तिनेही मला बघितलं. हात वगैरे काही हलवला नाही, दोन्ही हात कामात होते. ब्रेकर गेल्यावर तिने दोरीवरचा हात सोडला, केबिनच्या पत्र्यावर दोनदा जोरात थाप मारली, आणि ड्रायव्हरने गाडी पळवली.